प, फ, ब, भ, म

शाळेत गुरुजींनी सांगितलं होतं,
ही पाच अक्षरं ओठांची.
मधल्या सुट्टीत आम्ही एकमेकींची तोंडं बघत
प प प करत हसत बसलो होतो.

आता जळगाव बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत
माइकसमोर कळतंय,
आपला सगळा मुलूखच ओठांनी बोलायचा आहे.
पाचोरा. पारोळा. फैजपूर. बोदवड.
भडगाव, भुसावळ, मुक्ताईनगर.
आणि गाडी कुठलीही असो,
फलाट म्हटल्याशिवाय सुटका नाही.

अठरा हजार. महागाई भत्त्याच्या फरकाचे.
रिंग रोडला, मोबाईलच्या दुकानावर, दुसरा मजला,
डॉक्टर नाशिकहून येतो, फक्त रविवारी.
नवऱ्यासाठी केलं का, विचारतात बाया.
नवरा माझ्या तोंडाकडे बघतो
ते गॅस कधी संपला हे विचारायला.
माझा वरचा ओठ म्हणजे पेन्सिलीची रेघ.
लग्नाच्या अल्बमात प्रत्येक पानावर
मी काहीतरी गिळून उभी असल्यासारखी दिसते.
एकदा भरलेला ओठ बघायचा होता आरशात,
स्वतःचा.
एवढंच होतं. याहून मोठं कारण
मी शोधलं, सापडलं नाही.

सूज बसेल, म्हणाला, आठ दिवसांत.
मग पंधरा.
मग फोनवरची मुलगी म्हणू लागली,
सर प्रोसीजरमध्ये आहेत.
सूज बसली.
डावीकडे तुरीचा दाणा तेवढा बसायचा राहिला.
बोटाला लागतो, जिभेला लागतो,
मी हसले की माझ्याआधी तो हसतो.

मे महिना. पत्रा तापलेला, पंख्यालाही घाम.
चहा फुंकायला जावं
तर फुंकर उजव्या कोपऱ्यातून निसटते,
बशी तशीच वाफाळत राहते.
भ मधली हवा गळते.
परवा भुसावळ म्हणायला गेले, हुसावळ निघालं.
कंडक्टरांनी दिवसभर तेच चालवलं,
चला हुसावळ, हुसावळ, बसून घ्या लवकर!
मीही हसले.
दाणा आधी.

आई फैजपूरहून आली, पिशवीत केळी, वर भरताची वांगी.
चप्पल काढता काढताच म्हणाली,
तोंडाले काय झायं व माय?
मधमाशी चावली, म्हटलं.
तिनं बोटभर चुना घेतला आणि लावला.
मी लावू दिला.
आधीच्या अठरा हजारांच्या चुन्यावर
हा एक फुकटचा, गार, मायेचा.
रात्री तो वाळून तडकला
तेव्हा मला रडू आलं, पण ओठ ताणला जातो म्हणून
आवरलं.

धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला,
ओठ दोन बोटांत धरला
कापूस पारखावा तसा.
विरघळवता येतं, म्हणाल्या.
पण औषध विचारत नाही, भरलेलं कुठलं नि मूळचं कुठलं.
थोडं सगळंच बसेल.
नाहीतर थांबा. वर्ष, दीड वर्ष. आपोआप जातं.
मग पेन उघडून, नाव?
प्रफुल्ला भारंबे.
दोनदा सांगितलं.
तिसऱ्यांदा त्यांच्या हातातलं पेन घेऊन
मीच लिहिलं.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून
गावांचे दोन ढीग केले.
एरंडोल, साक्री, शहादा, धुळे:
ही जिभेवरच संपतात, भली गावं.
बाकीच्यांशी माझं भांडण नाही.
शनिवारची वेळ घेतली आहे.
कदाचित रद्द करीन. पैसे तर आत्ताच नाहीत.

म सगळ्यात अवघड, असं वाटलं होतं.
त्याला दोन्ही ओठ पूर्ण मिटावे लागतात,
दाणा मधोमध सापडतो.
दुखत नाही.
चपलेत खडा असावा तसा नुसता असतो.
दोन पन्नास झाले. बटण दाबते.
मुक्ताईनगरकडे जाणारी गाडी
फलाट क्रमांक पाचवर लागत आहे.
पिशव्या, पोरं, पाण्याच्या बाटल्या, सगळे धावत सुटतात.
कर्ण्याकडे कुणी बघत नाही.